शिकारीचे टॅग कमी केले की हरणं वाढतात का?

मे महिना उजाडला की आमच्या शेजारचे काका दिवसातून दहा वेळा क्रेडिट कार्डाचं ॲप उघडून बघतात. कोणी पैसे चोरले का म्हणून नाही, तर पैसे कापले गेलेत का ते बघायला. इथे अमेरिकेतल्या युटा राज्यात हरणाच्या शिकारीचं परमिट लॉटरीने मिळतं, निकाल ईमेलने कळवतात, पण ईमेल यायच्या आधीच नाव लागलेल्यांच्या कार्डावरून फी कापली जाते, त्यामुळे हजारो माणसं खात्यातून पैसे जायची वाट बघत बसलेली असतात. पैसे गेले म्हणून उड्या मारणारी माणसं मी फक्त इथेच बघितली. यंदा काकांचे पैसे काही गेले नाहीत.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा हा सगळा प्रकार ऐकून तिने सरळ विचारलं, "अरे, एकीकडे म्हणता हरणं कमी झालीत आणि दुसरीकडे सरकारच मारायची परमिटं वाटतंय? बंद का नाही करून टाकत?" कुंपणापलीकडे काका होते, त्यांना मराठी कळत नाही पण विषय बरोबर कळला, ते म्हणाले परमिटं निम्मी करा, पाच वर्षांत बघा हरणंच हरणं. म्हणजे एक जन्मभर मांसाला हात न लावलेली बाई आणि एक चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस, दोघांचा हिशोब मात्र एकच, परमिटं कमी म्हणजे हरणं जास्त. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजायला मला स्वतःलाच दोन हिवाळे लागले.

खेचराच्या कानांचं हरीण

म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे मोठे, सतत इकडेतिकडे वळणारे, म्हणून नाव म्यूल डिअर. शेपटीचं टोक काळं. घाबरलं की पळत नाही, चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखं उड्या मारत जातं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं याला काहीतरी झालंय. नराची शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखीच दरवर्षी गळतात आणि नवी येतात. हे हरीण अमेरिकेच्या पश्चिम भागातलं, युटा, वायोमिंग, कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा वगैरे. न्यू जर्सीकडच्या आपल्या मंडळींच्या बागा खातं ते वेगळं, व्हाइटटेल, आणि त्याचं उलटंच आहे, ते जास्त झालंय.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात मांस-कातडं विकायला इतकी शिकार झाली की म्यूल डिअर बऱ्याच भागात दिसेनासं झालं होतं. मग कायदे आले, बाजारासाठीची शिकार बंद झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हरणं भरपूर झाली. त्यानंतर वर-खाली, वर-खाली, पण एकूण उतरणच. कोलोरॅडोत २००६ च्या आसपास सहा लाख धरली जायची ती २०१३ पर्यंत चार लाखांच्या खाली आली. युटात आज साधारण तीन लाख, आणि सरकारी उद्दिष्ट आहे चार लाखांच्या आसपास.

लॉटरी, पॉइंट आणि नवसाची रांग

परमिटला इथे सगळे टॅग म्हणतात, कारण तो खरोखरच टॅग असतो, हरीण मारलं की त्याला बांधावा लागतो. एक टॅग म्हणजे एक नर, ठरलेल्या युनिटात (युटाचे असे तीसेक तुकडे केलेत), ठरलेल्या हत्याराने, ठरलेल्या दिवसांत. बंदुकीचा सीझन ऑक्टोबरमध्ये जेमतेम नऊ दिवसांचा.

पूर्वी असं नव्हतं. दुकानात जायचं, परमिट विकत घ्यायचं, डोंगरावर जायचं. १९९४ मध्ये युटाने पहिल्यांदा ९७,००० ची मर्यादा घातली, २०१२ पासून युनिटवार वाटप सुरू झालं, आणि आता आकडा सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात फिरतो. मागणारे त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे म्हाडाची लॉटरीच समजा, फक्त एक फरक, म्हाडात दहा वर्षं नाव लागलं नाही म्हणून अकराव्या वर्षी कोणी विचारत नाही, इथे नाव लागलं नाही की एक पॉइंट मिळतो, आणि पुढच्या वर्षी जास्त पॉइंटवाल्याला आधी टॅग.

पण याच्यातही एक गोम आहे. टॅग तेवढेच आणि रांगेत दरवर्षी नवी पोरं येऊन उभी राहतात, त्यामुळे गेल्या वर्षी दोन पॉइंटवर मिळणारं युनिट यंदा तीनवर जातं आणि पुढच्या वर्षी चारवर. लालबागच्या नवसाच्या रांगेत आपण दहा पावलं पुढे सरकावं आणि रांग पंधरा पावलांनी लांबावी तसं. काकांचे दरवर्षी पॉइंट वाढतायत आणि टॅग तेवढाच लांब.

आकडा ठरवायची पद्धत मात्र मला आवडली. वन्यजीव खात्याचे जीवशास्त्रज्ञ प्रस्ताव मांडतात, मग पाच विभागांत सल्लागार समित्यांच्या जाहीर बैठका होतात, कोणीही उठून बोलू शकतो, आणि शेवटी सात जणांचं वाइल्डलाइफ बोर्ड मत देतं. मी एक बैठक ऑनलाइन बघितली, आपली ग्रामसभाच, फक्त पाणी-रस्त्याऐवजी विषय हरणांचा. तास दीड तासात निदान पाच जणांनी काकांचंच वाक्य म्हटलं.

गावाला वळू किती लागतात?

आता मुख्य हिशोब. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, पण प्रमाण साधारण असंच असतं.

समजा एका युनिटात १०० माद्या आहेत. जूनमध्ये त्यांना पाडसं होतात, धडधाकट मादीला बहुतेक वेळा जुळीच, म्हणजे १५०-१६० पाडसं आली. उन्हाळाभर कोयोटी (इथले कोल्ह्या-लांडग्यांचे भाऊबंद), अस्वलं, आजार, भूक यांत त्यातली बरीच जातात आणि डिसेंबरात मोजणी करतात तेव्हा समजा ६० दिसली. मग हिवाळा. हिवाळा बरा गेला तर साठातली निम्म्याहून थोडी जास्त, ३४ धरा, वसंतापर्यंत टिकतात, त्यात माद्या निम्म्या, १७. दरम्यान मोठ्या माद्याही वर्षभरात मरतातच, शंभरात साधारण १५. पंधरा गेल्या, सतरा आल्या. कळप १०२ वर. म्हणजे सगळं नीट गेलं तरी हातात दोन.

आता हिवाळा वाईट गेला असं धरा. साठातली १२ पाडसं वाचली, त्यात माद्या ६, आणि मोठ्या माद्या पंधराऐवजी २५ मेल्या. १०० च्या झाल्या ८१. एका वर्षात.

हा हिशोब परत वरपासून वाचा आणि सांगा यात नर कुठे आला? कुठेच नाही. कारण टॅग देतात तो जवळजवळ सगळा नरांसाठी, आणि पाडसं किती होणार ते ठरतं माद्यांवर. गावात पूर्वी एक वळू असायचा आणि सगळ्या गावाच्या गाई त्याच्यावर निघायच्या, दुसरा वळू आणला म्हणून वासरं दुप्पट झाली असं कोणत्या गावात झालंय? म्यूल डिअरचंही तेच, नोव्हेंबरात एक नर अनेक माद्यांना पुरतो. युटात बहुतेक युनिटांचं लक्ष्य असतं १०० माद्यांमागे १५ ते १७ किंवा १८ ते २० नर, आणि या आकड्यांना माद्या गाभण राहायची अडचण येत नाही. शिवाय नोव्हेंबरात हे नर खाणंपिणं सोडून माद्यांमागे धावतात, एकमेकांशी झुंजतात, आणि थंडीच्या तोंडावर हाडांचा सापळा होऊन बसतात. म्हणजे ऑक्टोबरात बंदुकीतून वाचलेला नर मार्चमध्ये असेलच याचीही खात्री नाही.

मोजणी डिसेंबरात का, तर तेव्हा नर माद्यांबरोबर असतात आणि बर्फावर सगळं उठून दिसतं. पण ही शिरगणती नव्हे. कोणीही तीन लाख हरणं एकेक मोजलेली नाहीत. १०० माद्यांमागे नर किती आणि पाडसं किती हे प्रमाण काढतात, गळ्यात ठावठिकाणा सांगणारी कॉलर लावलेली हरणं किती जगली ते बघतात, किती मारली गेली ते शिकाऱ्यांना विचारतात आणि सगळं मॉडेलमध्ये घालून आकडा काढतात. "यांना काय मोजता येतंय" असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण एकूण आकड्यापेक्षा प्रमाणावर जास्त भरवसा ठेवता येतो.

मग टॅग कमी करतातच कशाला?

आईला हे समजावताना मी कोयनेचं उदाहरण दिलं आणि तिला लगेच पटलं. कोयनेतून किती पाणी सोडायचं ते धरणात किती साठलंय त्यावरून ठरतं. पाऊस कमी झाला तर दरवाजे बंद ठेवतात, बरोबरच आहे, पण दरवाजे बंद ठेवले म्हणून पाऊस जास्त पडत नाही. टॅग म्हणजे दरवाजे आणि पाऊस म्हणजे पाडसं.

वाईट हिवाळ्यात पाडसं मेली की त्यात नर पाडसंही मेलेली असतात, म्हणजे पुढची दोन वर्षं तरुण नरांचा तुटवडा, म्हणजे तेवढेच टॅग दिले तर नरांचं प्रमाण घसरणार. म्हणून टॅग कमी करतात. थोड्या नरांची वाटणी थोड्या लोकांत व्हावी, डोंगरावर गर्दी नको, चार-पाच वर्षांचे मोठ्या शिंगांचे नर दिसावेत, यासाठी. ही सगळी कारणं माणसांची आहेत, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला हरणं वाढवणं म्हणू नये. हरणं खरोखर कमी करायची असतात तेव्हा मादीचे टॅग देतात, ते औषध मात्र रामबाण आहे, आणि म्हणूनच सध्या युटात ते फार जपून देतात, बहुतेक शेती-वस्तीजवळच्या तक्रारींपुरते.

माझं मत विचाराल तर टॅगच्या आकड्यावरून एवढी भांडणं होतात याचं कारण सोपं आहे, तो एकच आकडा एका बैठकीत मत देऊन बदलता येतो. बर्फाला मत देता येत नाही.

हरणीची सोनोग्राफी

बर्फाचं काय ते जरा सविस्तर बघू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात, धान्य, सरपण, पापड, लोणची. हरणीची बेगमी तिच्या अंगावर असते, चरबी. उन्हाळ्यात उंच डोंगरावर कोवळा चारा खाऊन ती जाड होते आणि नोव्हेंबरात खाली उतरते. खाली हिवाळ्यात मिळतं काय, तर सेजब्रश नावाचं राखाडी झुडूप आणि असलीच काटक्या-पानं, त्याने पोट भरतं पण अंगाला लागत नाही. व्याजावर घर चालत नाही म्हणून दर महिन्याला मुद्दलातून थोडं मोडायचं तसा तिचा हिवाळा चालतो, आणि पोटात पुन्हा बहुतेक जुळी, जूनपर्यंत सांभाळायची. मार्चअखेर हिरवं फुटेपर्यंत मुद्दल पुरलं तर जगली.

वायोमिंग विद्यापीठाचे संशोधक हे अक्षरशः मोजतात. हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून हरणी पकडायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची म्हणजे ती शांत होते, आणि पार्श्वभागावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून चरबीचा थर किती मिलिमीटर ते बघायचं. डिसेंबरात एकदा आणि मार्चमध्ये त्याच हरणीला परत एकदा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिवाळ्याने किती खाल्लं. पाडसांकडे हे मुद्दलच नसतं, पहिल्या उन्हाळ्यातलं सगळं वाढण्यात जातं, म्हणून आधी ती जातात.

२०२२-२३ चा हिवाळा असाच आला. वायोमिंगचा पश्चिम भाग, उत्तर युटा, आयडाहोचा आग्नेय कोपरा, कोलोरॅडोचा वायव्य कोपरा, सगळीकडे बर्फ लवकर आला आणि हललाच नाही. वायोमिंग रेंज नावाच्या डोंगरातला कळप देशातल्या नावाजलेल्या कळपांपैकी, तिथे कॉलर लावलेली जवळजवळ सगळी पाडसं मेली आणि मोठ्या माद्यांपैकीही निम्म्याहून जास्त. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कितीही टॅग कमी दिले असते, अगदी शून्य, तरी मार्चमध्ये हेच झालं असतं.

त्याच फेब्रुवारीत युटाने एक वेगळीच बंदी घातली आणि तिचं मला फार कौतुक वाटलं. हिवाळ्यात नरांची शिंगं गळतात, ती गोळा करायला लोक डोंगर पालथे घालतात, छंदही आहे आणि विकून पैसेही मिळतात. माणूस दिसला की हरीण पळतं, पळायला चरबी जळते. तर एप्रिलअखेरपर्यंत राज्यभर शिंगं उचलायला मनाई केली. बंदूक नाही, गोळी नाही, नुसतं चालत जाणाऱ्या माणसाला थांबवलं, आणि ते बरोबर होतं.

कुरणं गेली, वाटा अडल्या

पण मग बर्फ तर पूर्वीही पडायचा, तेव्हा हरणं परत वाढायची, आता का नाही वाढत? कारण बेगमी करायची जागाच आक्रसत चालली आहे.

एक तर गवत. चीटग्रास नावाचं परदेशी गवत, एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियाकडून आलं, आपल्याकडच्या गाजरगवतासारखंच न बोलावता घुसलेलं. ते वसंतात सगळ्यांच्या आधी उगवतं, जूनपर्यंत वाळून कागदासारखं होतं आणि पेटतं. सेजब्रश जळलं की बुंध्यातून परत फुटत नाही, बियांपासून यायला वर्षानुवर्षं लागतात, तोपर्यंत चीटग्रास परत उगवून परत पेटलेलं असतं. दोन-तीन वणव्यांत हिवाळी कुरण संपतं. त्यात दुष्काळ, म्हणजे डोंगरावरचा उन्हाळी चाराही लवकर वाळतो आणि हरणी हडकुळीच खाली उतरते.

दुसरं म्हणजे वाटा. हे आईला समजावायला लागलंच नाही, ती म्हणाली, "म्हणजे धनगरांसारखं की." अगदी तसंच. धनगर जसे पावसाच्या अंदाजाने मेंढरं घेऊन कोकणात उतरतात नि परत घाटावर येतात तशी ही हरणं कोवळ्या गवताच्या मागे मागे डोंगर चढतात आणि बर्फाच्या पुढे पुढे उतरतात. वायोमिंगमध्ये रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत २४० किलोमीटरची अशी वाट २०१४ मध्ये जगापुढे आली, तोवर इतक्या लांबची वाट आहे हे शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं. २५५ नंबरची कॉलर घातलेली एक हरणी तर त्याही पुढे जाऊन आयडाहोत पोचली, एका बाजूचं अंतर ३९० किलोमीटर. वाट पाडसू आईच्या मागून चालत शिकतं आणि जन्मभर तीच धरतं, मध्ये तेलविहिरी झाल्या, सोसायटी झाली, हायवे झाला तरी सहसा नवी शोधत नाही. एखादी वाट तुटली की ती चालणाऱ्या माद्यांबरोबर कायमची जाते.

इथे मात्र पैसे टाकले की फरक दिसतो. वायोमिंगच्या नगेट कॅन्यनमध्ये हायवेखालून रस्ते काढून कुंपण केल्यावर गाड्यांखाली मरणारी हरणं सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. आमच्या जवळ आय-८० हायवेवर पार्लीज समिटला २०१८ मध्ये खास प्राण्यांसाठी पूल झाला, वरून हरणं जातात खालून आम्ही. आपल्याकडे नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलात हायवे उचलून खालून वाघांना वाट दिली आहे, तीच कल्पना.

"सगळं कोयोटी खातात"

काकांचा आवडता मुद्दा. आणि सरकारनेही तो ऐकलाय, युटात २०१२ च्या कायद्याने कोयोटी मारला की ५० डॉलर बक्षीस मिळतं, आणि २०२३ पासून माउंटन लायनची (इथलं बिबट्याएवढं रानमांजर) शिकार वर्षभर खुली आहे.

कोयोटी पाडसं खातो हे खरंच आहे. प्रश्न असा की त्याने खाल्लं नसतं तर ते पाडसू जगलं असतं का. आयडाहोत १९९७ ते २००३ या काळात काही भागांत कोयोटी आणि माउंटन लायन मुद्दाम मारून बघितले, काही भागांत नाही. थोडीफार पाडसं वाचली, पण कळप वाढायच्या वेगात म्हणावा असा फरक पडला नाही. उलट कोलोरॅडोत अनकंपाग्रे पठारावर संशोधकांनी हिवाळ्यात हरणांना भरपूर पौष्टिक खाऊ घातलं, शिकारी प्राणी तसेच मोकळे ठेवून, आणि पाडसं जास्त जगली, कळप वाढायला लागला. हडकुळं पाडसू कोयोटीने खाल्लं नाही तर थंडी खाते, आणि धष्टपुष्ट पाडसू कोयोटीच्या हाताला लागत नाही. हरणं अगदी थोडी उरली असतील तिथे गोष्ट वेगळी, तिथे एकेक माउंटन लायनही जड जातो.

"मग सगळ्यांनाच खाऊ घाला"

आईचा मुद्दा, आणि अन्नदानाला नको कोण म्हणेल. पण ते कोलोरॅडोचं खास बनवलेलं खाद्य होतं आणि मोजक्या हरणांसाठी. लोक दयेपोटी गवताच्या पेंढ्या टाकतात, आणि हरणं भरल्या पोटी मरतात. पोटातले जंतू काटक्या-पानं पचवायला तयार झालेले असतात, त्यांना अचानक वाळलं गवत झेपत नाही, चातुर्मासभर एकभुक्त राहून एकदम लग्नाच्या पंगतीत जिलब्या हाणल्यासारखं. २०२३ मध्ये युटाने रिच काउंटीत आणीबाणी म्हणून खाऊ घातलं तेही खास गोळ्यांचं खाद्य, आणि अगदी मोजक्या ठिकाणी. कारण खायला जमलेली गर्दी म्हणजे रोगाला आमंत्रण.

रोग म्हणजे सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना खंगवत नेणारा. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला पिंजऱ्यातल्या म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा दिसला. याला जंतूही नाही नि विषाणूही नाही, मेंदूतलं एक प्रथिन वाकड्या घडीचं होतं आणि शेजारच्यांनाही वाकडं करत जातं. विरजणासारखं, चमचाभर पुरतं, सगळं दूध बदलतं. हरीण खंगत जातं आणि मरतं, इलाज नाही, आणि हे प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. माणसाला झाल्याचं दिसलेलं नाही, पण लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असाच सल्ला आहे, त्यामुळे काका हरीण मारलं की आधी तपासणीला नमुना देतात.

आणि इथे टॅगचा हिशोब आणखी तिरका होतो. हा रोग माद्यांपेक्षा नरांत जास्त, मोठ्या नरांत तर अजून जास्त. म्हणजे काकांचं ऐकून टॅग निम्मे केले, म्हातारे नर साठवले, तर जिथे रोग आहे तिथे रोगच साठवल्यासारखं. कोलोरॅडोत काही ठिकाणी म्हणूनच नरांचे टॅग वाढवतात. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

"शिकार बंदच करा ना"

आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, शिकारीला बंदी, पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासारख्यांसाठी परवानगी काढावी लागते, तेवढंच. मीही त्याच संस्कारातला, बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची इच्छा नाही. तरी इथे बंदीने हरणं वाढतील असं मला वाटत नाही, वरचा १०० माद्यांचा हिशोब आहेच.

बंदीचा प्रयोग इथे एकदा झालाय. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कायबाब पठार आहे, तिथे १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी म्यूल डिअरसाठी अभयारण्य केलं. शिकार बंद, आणि वर सरकारी माणसं लावून माउंटन लायन, कोयोटी मारले. गुरं-मेंढ्याही कमी झाल्या होत्या. हरणं प्रचंड वाढली, किती ते आकडे आजही वादात आहेत, पण चारा खाऊन संपवला आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत उपासमारीने ढिगांनी मेली हे नक्की. त्याआधी डिसेंबर १९२४ मध्ये एका पठ्ठ्याने हरणं हाकत नेऊन ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे पोचवायचा घाट घातला होता, माणसं गोळा केली, घंटा वाजवल्या, बर्फ पडत होता, आणि पलीकडे पोचलेली हरणं शून्य. केंद्र सरकारने मग स्वतःच हरणं मारायला सुरुवात केली तर राज्याने त्यांच्याच माणसांना पकडलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९२८ मध्ये केंद्र जिंकलं.

आणि पैशाचं काय? युटासारख्या राज्यात वन्यजीव खातं बऱ्याच अंशी शिकारी आणि मासेमारीच्या लायसन्सवर चालतं, वर १९३७ च्या कायद्याने बंदुकी-काडतुसांवर १० ते ११ टक्के कर आहे तो राज्यांना वन्यजीवांसाठी परत मिळतो. काही मोजके टॅग तर लिलावात जातात, अँटिलोप आयलंडवरच्या एका नराच्या टॅगवर तीन लाख डॉलरच्या वर बोली गेलेली आहे. श्रीमंतांचे चोचले, मला अजिबात आवडत नाही, पण त्यातला मोठा भाग कुरणं सुधारायला जातो. २००६ पासून युटात २० लाखांहून जास्त एकरांवर असं काम झालंय, माजलेली झाडं काढायची, सेजब्रश पेरायचं. मोजणी, कॉलर, कुरणं, सगळं यातून. उद्या शिकार बंद केली तर हा पैसा कुठून आणायचा याचं उत्तर आईकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "ती जुळ्यांची आई येते का रे अजून?" आमच्या मागच्या अंगणात एक हरणी येते, आई इथे असताना तिच्या मागे दोन पाडसं होती आणि आई खिडकीतून तासन्‌तास बघत बसायची. म्हटलं, येते. डिसेंबरात दोघंही होती. मार्चच्या शेवटी आली तेव्हा एकच होतं, ट्युलिप मात्र तिघांच्या वाटणीचे दोघांनी खाल्ले.